कोरड्या विहिरीचा शून्य : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज जाता जाता लिहिलं होतं की संशोधनाचा डेटा ही कपाटात कुलूप लावून ठेवायची गोष्ट नाही, तर त्या एका वाक्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले तुम्हीच सुरू केलं, आता तुम्हीच निस्तरा. म्हणून यावेळचा सगळा कॉलम ह्याच विषयाला. मी भूजलातली, उभं आयुष्य विहिरीत डोकावण्यात गेलं, त्यामुळं उदाहरणं विहिरीचीच येणार, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, मी पीएचडी करायलोय. मांजरा खोऱ्यातल्या ६४ विहिरींची पाणीपातळी तीन वर्षं दर महिन्याला मोजली, स्वतः बाईकवर फिरून, पेट्रोल पण खिशातलं. पेपर पाठवला तर जर्नलवाले म्हणायले डेटा कुठं ठेवलाय ते लिहा, सगळ्यांना दिसला पाहिजे. गाईड म्हणायले अजिबात देऊ नको, दुसराच कोणीतरी त्यावर पेपर काढून मोकळा होईल, 'मागितल्यास देऊ' असं लिही आणि विषय संपव. काय करू?
– संशोधक विद्यार्थी, लातूर

उत्तर : गाईडची भीती अगदीच खोटी नाही हो, आपल्याकडं असं होतं, कोणाच्या तरी मेहनतीवर कोणीतरी नाव लावून घेतं. पण 'मागितल्यास देऊ' हा त्यावर इलाज नाही, ती फक्त पळवाट आहे. काही संशोधकांनी खरंच मागून बघितलं, २०१४ मध्ये ते छापून आलं. २ ते २२ वर्षं जुने ५१६ पेपर घेतले, लेखकांना मेल केले, की बाबांनो तुमचा डेटा द्या. तर निघालं असं की पेपर जितका जुना तितका डेटा हाती लागायची शक्यता कमी, दर वर्षाला साधारण १७ टक्क्यांनी घसरत जाते. कोणाचा मेल बंद झालेला, कोणाचा डेटा फ्लॉपीत, आणि फ्लॉपी वाचायचं मशीनच उरलं नाही. म्हणजे लोक लबाड होते असं नाही, बिचाऱ्यांकडं द्यायला काही राहिलंच नव्हतं. तुमचं पण तेच होणार, आज लॅपटॉपमध्ये आहे, नोकरी लागून नंदुरबारला गेलात की तो लॅपटॉप भाच्याकडं जाईल आणि तो त्यात गेम टाकेल.

आता भीतीचा इलाज. झेनोडो नावाचं एक ऑनलाइन भांडार आहे, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं २०१३ पासून चालवलेलं, फुकट. (नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाच्या पहिल्या ग्रंथपालाचं, झेनोडोटस.) तिथं फाईल चढवली की तिला डीओआय मिळतो, म्हणजे पेपरला असतो तसाच कायमचा नंबर, त्यावर तारीख आणि तुमचं नाव. एकदा हा नंबर पडला की हा डेटा आधी कोणाचा ह्यावर वाद घालायला जागाच उरत नाही, उलट कुलपात ठेवलेल्या डेटाचीच चोरी सिद्ध करता येत नाही. आणि तिथं एम्बार्गोची सोय आहे, म्हणजे माहिती दिसते, फाईल मात्र तुम्ही टाकलेल्या तारखेलाच उघडते. तुमचे अजून दोन पेपर यायचेत ना, मग वर्षभराची मुदत टाका. फक्त जर्नलचा नियम एकदा वाचून घ्या, काहींना पेपर छापतानाच फाईल उघडी लागते. लायसन्स विचारतील तिथं 'सीसी बाय' घ्या, त्याचा अर्थ वापरा पण नाव सांगा. गाईडना हे सगळं समोर बसून दाखवा, त्यांचं पण नाव त्यात येतं हे आधी सांगा, काम सोपं होईल.

आणखी एक गोष्ट गाईडना सांगा. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं, ते आकडे इंडिया-डब्ल्यूआरआयएस वर कोणालाही बघता येतात. पण मधल्या महिन्यांचं काय? एप्रिल सरताना आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी नेमकं कुठं होतं, हे ६४ विहिरींपुरतं फक्त तुमच्या वहीत आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्याची अशी महिनावार नोंद कोणाकडं असेल तर आज ती शोधत लोक फिरतील.

आता मुद्द्याचं. फाईल चढवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, खरं काम त्याच्या आधीचं. एमएस्सीला असताना माझ्या हातात एक जुनं रजिस्टर दिलं होतं, त्यात मे महिन्यात अकरा विहिरींपुढं शून्य लिहिलेलं. आता आपण मोजतो काय, तर जमिनीपासून पाणी किती खाली. मग शून्य म्हणजे पाणी जमिनीबरोबर, विहीर काठोकाठ. भर मे महिन्यात, तेही आमच्या भागात! मी आठवडाभर थिअऱ्या लावत बसले, कालवा झिरपत असेल, खाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांच्या, खडकाचा थर असेल, नकाशात निळा रंग सुद्धा भरला. शेवटी ते रजिस्टर लिहिणारे काका सापडले, रिटायर होऊन गावी बसलेले, ते चहाचा कप खाली ठेवून हसायलाच लागले. म्हणाले, "अगं पोरी, शून्य म्हणजे पाणीच नव्हतं." आणि काही ठिकाणी नुसती रेघ होती ती का, तर त्या विहिरीवर कुत्रं बांधलेलं असायचं, म्हणून मोजलीच नाही. म्हणजे काठोकाठ, कोरडी आणि मोजलीच नाही ह्या तीन गोष्टी, आणि हे सगळं फक्त काकांच्या डोक्यात. काका भेटले नसते तर माझा नकाशा छापून आला असता.

म्हणून तुमच्या टेबलासोबत एक साधी रीडमी फाईल, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लिहा, मराठीत लिहिली तरी चालेल, इंग्रजी नंतर करा. टेप कुठून धरला, कठड्यापासून का जमिनीपासून? कठडा दोन-अडीच फूट असतो, तो वजा केलाय का नाही? मोटर चालू होती का, बंद करून किती वेळ झाला होता, कारण उपसा चालू असताना मोजलेली पातळी आणि सकाळी निवांत मोजलेली पातळी ह्यात जमीन-आस्मानाचा फरक पडतो. आकडा फुटात का मीटरमध्ये? एखाद्या विहिरीला मोजायला गेला नसाल आणि शेतकऱ्यानं फोनवर सांगितलं असेल तर तसं लिहा, म्हातारी माणसं अजून परसात सांगतात, आणि परस म्हणजे माणसाची उंची, आता कोणत्या माणसाची ते देवच जाणे. कोरडी असेल तर आकड्याची जागा रिकामी आणि शेजारच्या शेऱ्याच्या कॉलमात 'कोरडी'. मोजली नसेल तर 'मोजली नाही'. कुत्रं असेल तर कुत्रं लिहा, लाज कसली.

राहिलं शेतकऱ्यांचं. तुम्ही जीपीएस पॉइंट टाकणार म्हणजे कोणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे हे जगाला सांगणार, टँकरवाल्यासकट. तेवढं त्यांना विचारून घ्या, नको म्हणतील त्यांचा पॉइंट गावाच्या पातळीवर ढोबळ करून टाका आणि ढोबळ केलाय हे रीडमीत लिहा.

प्रश्न : मॅडम, आमच्या पीक सर्वेक्षणाच्या फाईलमध्ये गट नंबरचा पार विचका झालाय. ५/२ लिहिलं की एक्सेल ५ फेब्रुवारी करतं, ११८/२ मात्र तसंच राहतं. सातशे ओळी आहेत. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की गावांची नावं कसली तरी किडामुंगी दिसायले.
– कृषी पदवीधर, परभणी

उत्तर : तुम्ही एकटे नाही, जगातले मोठमोठे जीवशास्त्रज्ञ ह्याच खड्ड्यात पडलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट२ अशी होती, एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं. २०१६ मध्ये तपासलं तर ज्या पेपरांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या त्यातल्या साधारण पाचातल्या एका पेपरात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१, सेप्ट१ चं सेप्टिन१. आता आपण काय महसूल खात्याला सातबारा बदला म्हणणार आहोत का! तेव्हा आपणच शहाणं व्हायचं.

कॉलम टाईप करायच्या *आधी* सिलेक्ट करून टेक्स्ट करायचा. आधी हे महत्त्वाचं. नंतर केलं तर ५/२ च्या जागी ४५३२७ असला काहीतरी आकडा उगवतो, तो २०२४ च्या ५ फेब्रुवारीचा एक्सेलच्या पोटातला नंबर आहे, गट नंबर दिसेनासाच होतो. नव्या एक्सेलात २०२३ पासून आपोआप बदलणं बंद करायची सेटिंग आलीय, पण ती मार्च१ सारख्या सलग अक्षर-आकड्यांसाठी, ५/२ ला तिच्यावर विसंबू नका. त्याहून सोपं म्हणजे गट आणि पोटहिस्सा दोन वेगळे कॉलमच करा, एकात ५, दुसऱ्यात २, भानगडच नको. जुन्या सातशे ओळींचं मात्र मूळ कागदी फॉर्म काढून बसावं लागेल, तारखेवरून उलटा गट नंबर काढला तरी फॉर्मशी ताडल्याशिवाय खात्री नाही. फॉर्म रद्दीत गेले नसतील अशी आशा.

तारखा लिहिताना २०२४-०७-०३ अशा लिहा, वर्ष-महिना-दिवस. ३/७ लिहिलं तर आपल्याला ३ जुलै, अमेरिकेतल्याला ७ मार्च, म्हणजे सोयाबीनची पेरणी उन्हाळ्यात.

किडामुंगीचं कारण जुना फॉन्ट. डीटीपीवाल्यांकडचे जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा, तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्येच टाईप करा, आणि सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नुसतं सीएसव्ही नाही. उघडताना डबल क्लिक न करता डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट करून आत घ्या, युनिकोडमध्ये टाईप केलेलं असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यानं 'पाथरी' परत पाथरी दिसतं.

प्रश्न : गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक दिली तर तो ओपन डेटा होत नाही का?
– प्राध्यापक, नांदेड

उत्तर : नाही सर. ते शेजाऱ्याला किल्ली दिल्यासारखं आहे. तुम्ही अकाउंट बंद केलं, फोल्डरचं नाव बदलताना शेअरिंग काढलं, जागा भरली म्हणून डिलीट केलं, लिंक मेली. शिवाय लायसन्स लिहिलेलं नसेल तर वापरणारा बिचारा विचारच करत बसतो की वापरू का नको. २०१६ मध्ये फेअर नावाची तत्त्वं आली, डेटा सापडला पाहिजे, मिळाला पाहिजे, दुसऱ्या डेटाशी जुळला पाहिजे, परत वापरता आला पाहिजे. तुमच्या ड्राइव्हच्या लिंकेत ह्यातलं एक सुद्धा धड होत नाही. ड्राइव्ह बॅकअपला ठेवा की, त्याला कोण नको म्हणतंय. बॅकअपवरून आठवलं, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. एकाच बॅगेत लॅपटॉप आणि हार्डडिस्क ठेवून एसटीत बसणं ह्याला दोन प्रती म्हणत नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतेय, आणि ती बॅग जालन्याच्या पुढं कुठं उतरली ते अजून कळलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी एमएसडब्ल्यू. ऊसतोड कामगार महिलांच्या मुलाखती घेतल्यात, आरोग्यावर, ऑपरेशनवर. नावं काढून टाकली आहेत, वय, गाव, टोळी, कारखाना ठेवलंय. आमचे सर म्हणतात आता ओपन करायला हरकत नाही. मला आतून बरं वाटत नाहीये.
– विद्यार्थिनी, बीड

उत्तर : आतून वाटतंय ते बरोबर वाटतंय, सरांचं ऐकू नकोस. वाडीवर उंबरे किती, दीडशे? त्यातली ३४ वर्षांची, अमुक मुकादमाच्या टोळीतली, पिशवीचं ऑपरेशन झालेली बाई किती असतील? एकच. नाव काढलं काय आणि ठेवलं काय, गावाला दोन मिनिटांत कळतं. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संशोधिकेनं २००० साली दाखवलं होतं की फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. आणि तिथले पिनकोड म्हणजे हजारोंची वस्ती, आपली वाडी नाही. त्यात तुझ्या मुलाखतीत उचल किती घेतली, ती फिटली का, मुकादम काय बोलला हे पण असणार. ते मुकादमाच्या हाती लागलं तर पुढच्या हंगामात त्या कोयत्याला, म्हणजे त्या नवरा-बायकोच्या जोडीला, काम मिळेल का, हा विचार कर.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे, पण ती मोकळं रान नाही, आणि कायदा काय म्हणतो त्याच्या आधी तू त्या बायकांना चुलीपाशी बसून काय शब्द दिलास ते महत्त्वाचं. संमतीपत्रात 'फक्त अभ्यासासाठी' असं सांगितलं असशील तर जगाला दाखवायची परवानगी तुझ्याकडं नाहीच.

मग काय ओपन करायचं? प्रश्नावली कर. कोणता प्रश्न कसा विचारला, उत्तरांना कोड कसे दिले, ते कर. आकडेवारी तालुक्याच्या पातळीवर, वय पाच-दहा वर्षांच्या गटात, आणि ज्या रकान्यात दोन-तीनच बायका येतील तो रकानाच शेजारच्याशी जोडून टाक. पूर्ण मुलाखती भांडारात ठेवल्याच तर मर्यादित प्रवेशानं, विचारून, तपासून. आणि रेकॉर्डिंग मोबाईलवर तसंच पडून असेल तर आजच्या आज काढून पासवर्ड लावून ठेव. ओपन ओपन म्हणून नाचणाऱ्यांमध्ये मी पण आहे, पण ह्या डेटाला दार हवंच.

प्रश्न : दरवर्षी कॉलेजची पोरं येतात, माती नेतात, सोयाबीनचा उतारा विचारतात, फोटो काढतात, जेवून जातात. पुढं काय झालं कोणी सांगत नाही. माझ्या रानातला आकडा माझा का त्यांचा?
– शेतकरी, घनसावंगी

उत्तर : दादा, हे ऐकून आमच्यासारख्यांनी मान खाली घालावी, मी पण अशीच जेवून आलेली आहे. पुढच्या वेळी खड्डा खणायच्या आधी तीन गोष्टी विचारा. माझा रिपोर्ट मला कधी देणार, तारीख सांगा. माझं नाव आणि मोबाईल नंबर कुठं लिहिणार. आणि हा आकडा पुढं कोणाला देणार, बी-बियाणं आणि औषधवाल्या कंपनीला देणार का. उत्तर कागदावर मराठीत घ्या, सही घ्या. अडखळले तर माती देऊ नका, रान तुमचं आहे. रिपोर्ट आला की मृदा आरोग्य पत्रिकेशी लावून बघा, त्या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाशपासून सामू, सेंद्रिय कर्बापर्यंत बारा गोष्टी असतात, दोन्हींत फार फरक निघाला तर नमुना कुठून घेतला ते विचारा, पुष्कळदा बांधाजवळची नाहीतर उकिरड्याजवळची माती नेलेली असते. आणि कोणी गावरान वाणाचं बी मागितलं तर जरा थांबा, ते मातीइतकं साधं नाही, २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो.

प्रश्न : औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लाटा पकडणारी वेधशाळा, होणार होणार ऐकतोय. झाल्यावर आमच्या पोरांना त्यातला डेटा बघायला मिळेल का, का फक्त मोठ्या शास्त्रज्ञांना?
– विज्ञान शिक्षक, हिंगोली

उत्तर : गुरुजी, होईपर्यंत थांबायचं कशाला? केंद्रानं लायगो-इंडियाला २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली, बांधकामाला वेळ लागेल, पण अमेरिकेतल्या दोन लायगोंचा डेटा आज, आत्ता, तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर उतरतो. फुकट, पासवर्ड नाही. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर असं शोधा.

पहिली गुरुत्वीय लाट १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली, सोमवार होता, आपल्याकडं दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. त्या वर्षी आपण सगळे आभाळाकडं पावसासाठी बघत होतो आणि तिकडं सव्वाशे-दीडशे कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत विरघळलेल्या दोन कृष्णविवरांची थरथर लुझियाना आणि वॉशिंग्टन राज्यातल्या यंत्रांना लागली, दोन्हीकडं साधारण सात मिलिसेकंदांच्या फरकानं. ११ फेब्रुवारी २०१६ ला जाहीर केलं आणि त्याच वेळी त्या क्षणाचा डेटा पण सगळ्यांसाठी खुला केला, की घ्या, तुम्ही पण काढून बघा. मला त्या लाटेपेक्षा ह्या गोष्टीचं जास्त कौतुक वाटलं होतं, खरं सांगते. बाकीचा सलग डेटा ते काही काळ स्वतः तपासतात आणि मग सोडतात, म्हणजे वरच्या लातूरच्या पोराला सांगितलं तेच, मुदत टाकून.

पोरांना सांगून ठेवा, नुसता ग्राफ काढला तर काहीच दिसणार नाही, सगळा गोंगाट. आधी खालचे आणि वरचे सूर गाळावे लागतात, साधारण ३५ ते ३५० हर्ट्झ ठेवायचे, मग ती छोटीशी शेपटी वर चढताना दिसते, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. कसं करायचं ते पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत पायरीपायरीनं तिथंच लिहून ठेवलंय, आवाजात पण बदलता येतं, चिमणीसारखं टुक् करून जातं. सुरुवातीला ३२ सेकंदांची ४०९६ हर्ट्झवाली (म्हणजे सेकंदाला ४०९६ आकड्यांची) फाईल घ्या, ती साध्या टेक्स्टमध्ये पण मिळते, १ लाख ३१ हजार ७२ आकडे, एक्सेलात सुद्धा मावतात. ४०९६ सेकंदांच्या फाईलच्या नादी लागू नका, शाळेचं नेट दुपारी बारापर्यंतच बरं चालतं असं तुम्हीच पत्रात लिहिलंय.